पिशव्यांचं पोतं

फेब्रुवारीत टेकडीवर येणारी माणसं उगाच हळहळतात. मेडशिंगी, सालई, पळस यांची पानगळ झालेली असते आणि नुसती काडी बघून त्यांना वाटतं, गेलं झाड. मग मी नखाने साल जराशी खरवडून दाखवतो. आत हिरवं दिसलं की झाड जिवंत. हे दाखवायला मला मनापासून आवडतं. परवाच्या रविवारीही मी एका मेडशिंगीचं साल तसंच खरवडलं. आत तपकिरी निघालं. मातीलगत खरवडलं, तिथेही कोरडं.

ती मेडशिंगी लावणाऱ्या ताई पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन शेजारी उभ्या होत्या. जुलैपासून दर महिन्याला मुलाला घेऊन त्या टेकडी चढून येतात.

पुण्याजवळच्या एका टेकडीवर मी लागवडीचं काम बघतो. तिथलं गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) विरळ करत आम्ही मूळची झाडं परत आणतोय. जुलैत एका कंपनीतली साठ माणसं आली, रोपं २४०. खड्डे आम्ही मे महिन्यातच घेऊन ठेवले होते, दीड फूट लांब, रुंद आणि खोल. वरची माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या बाजूला. त्या उन्हात पहारीने मुरूम फोडणं काय असतं, हे फोटोत कधीच येत नाही.

मी लागवड आधी आणि चढाई नंतर ठेवतो. कंपनीला उलटं हवं होतं, पाऊस वाढायच्या आत माथ्यावर बॅनर धरून फोटो हवा म्हणून. मी मान्य करायला नको होतं. माणसं खाली उतरली ती दमून, भुकेजून. मी तीनदा ओरडून सांगितलं, "मातीचा गोळा फुटू देऊ नका, फुटला तर रोप गेलंच समजा." रोपाची प्लॅस्टिकची पिशवी ब्लेडने उभी चिरून काढायची, हे मात्र एकदाच सांगितलं.

काम संपल्यावर आमच्या मामांनी रिकाम्या पिशव्यांचं पोतं उचललं आणि म्हणाले, "हलकं लागतंय ओ." मी बस सोडायच्या गडबडीत होतो.

ऑक्टोबरात सगळी रोपं हिरवीगार होती. पिशवीतली माती आणि पावसाची ओल एवढ्यावर रोप तेवढे दिवस सहज काढतं. मी फोटो पाठवले, कंपनी खूश झाली. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, तेव्हाही चर्चा लावण्याचीच होती. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर किती उरली, हे विचारणारा फोन मला आजवर आलेला नाही.

परवा त्या मेडशिंगीच्या बुंध्याशी खुरप्याने माती बाजूला केली, तर काळी पिशवी जशीच्या तशी. मुळं तळाशी गोल गोल फिरून सुतळीच्या गुंडीसारखी झालेली. पिशवीच्या एका भोकातून एक मूळ बोटभर बाहेर आलं होतं आणि तिथेच वाळलं होतं.

"दादा, मी तुम्हाला विचारलं होतं," ताई म्हणाल्या. "पिशवी काढताना गोळा फुटतोय, तशीच लावू का? तुम्ही हो म्हणालात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला काही आठवत नाही. मी दुसऱ्याच कुणाला हो म्हणालो असेन, पण त्यांच्याकडे बघून मान हलवली असणार. गोळ्याची भीती मीच घातली होती, आणि त्यांनी ती इमानाने पाळली.

मग आम्ही ती अख्खी ओळ तपासली. बुंध्याशी बोट घालायचं, पिशवीची कड लागते का बघायचं. सतरा रोपांत नऊ पिशव्या निघाल्या. सात रोपं मेलेली. उरलेल्या दोन रोपांच्या मुळांनी पिशवी फाडून वाट काढली होती, साल खरवडल्यावर आत हिरवं होतं. ती उपटली नाहीत. बाजूने माती उकरून पिशवी जागच्या जागी चिरली, मोकळी माती भरली, वर वाळकं गवत पसरलं.

मुलाने सात पिशव्या झटकून, मोजून पोत्यात टाकल्या. ताईंनी मेडशिंगीसाठी आणलेल्या दोन्ही बाटल्या त्या दोन रोपांना घातल्या.