चिपरच्या तोंडाशी जाण्याआधी

आर्सेनिक हे विष मुरवलेली एक फळी चिपरमध्ये, म्हणजे लाकडाच्या ढलप्या करणाऱ्या यंत्रात, गेली की ती पुन्हा वेगळी काढता येत नाही. चाळणीने नाही, चुंबकाने नाही, ढीग वर्षभर कुजवूनही नाही. लाकूड कुजतं, आर्सेनिक तिथेच राहतं. म्हणून टाकाऊ लाकूड आणि झाडोरा पुन्हा वापरात आणण्याचे जे नियम आहेत, त्यांतले सगळ्यांत महत्त्वाचे नियम यंत्र सुरू होण्याआधीचे आहेत. माल उतरवतानाच निवडायचा. ज्या तुकड्याबद्दल खात्री नाही, तो दूषित धरून बाजूला ठेवायचा.

निवडायला चार ढीग पुरतात. जर्मनीत 2003 पासून लागू असलेल्या टाकाऊ लाकडाच्या नियमावलीत हेच चार वर्ग आहेत आणि ते कुठेही उपयोगी पडतात. पहिला वर्ग निव्वळ कापलेल्या-रंधलेल्या लाकडाचा. दुसऱ्यात गोंदाने जोडलेलं, रंगवलेलं, वार्निश केलेलं लाकूड. तिसऱ्यात पीव्हीसीसारखा क्लोरीनयुक्त थर चिकटवलेलं, म्हणजे जुन्या फर्निचरच्या पट्ट्या वगैरे. चौथ्यात कीड-बुरशी लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं: रेल्वेचे स्लीपर, विजेचे खांब, कुंपणाचे खुंट. मातीत जाणारी कोणतीही गोष्ट, मग ते खत असो की आच्छादन, फक्त पहिल्या वर्गातून आणि ताज्या छाटणीतूनच करावी. यात सवलत नको. प्लायवुड आणि एमडीएफचा (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या फळीचा) भुसा दिसायला स्वच्छ असतो, पण त्यात फॉर्मल्डिहाइडचे राळगोंद असतात. तो खताच्या ढिगात टाकू नये.

चौथा वर्ग ओळखणं सगळ्यांत अवघड. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं लाकूड नवं असताना हिरवट दिसतं, पण उन्हापावसात काही वर्षं राहिलं की साध्या लाकडासारखंच करडं होतं. अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते बनवणं 2003 च्या अखेरीस थांबलं, तरी त्याआधीचं लाकूड अजूनही तोडकामातून येत असतं. टोकाकडचा पातळ काप हातकरवतीने काढून बघा: कडेच्या भागात हिरवट पट्टा आणि आत नेहमीचा रंग दिसला, तर रसायन मुरवलेलं आहे. पृष्ठभागावर ओळीने बारीक चिरा असतील तर तीही खूण. पट्टा दिसला नाही म्हणजे लाकूड शुद्ध असं मात्र नाही. ते कुठून निघालं हे विचारा; जमिनीत गाडलेलं किंवा सतत पाण्याशी असलेलं लाकूड संशयितच. असं लाकूड शेकोटीत जाळणं तर सर्वांत वाईट, कारण आर्सेनिकचा काही भाग धुरात जातो आणि उरलेला राखेत एकवटतो. ती राख झाडांना घातली की विष थेट वाफ्यात. क्रिओसोट (लाकूड टिकवणारं डांबरी तेल) लावलेला स्लीपर वासावरून कळतो, डांबरासारखा उग्र.

पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीवर, गव्हाच्या लोंबीची छापील खूण आणि देशाची दोन अक्षरं शोधा. त्याखाली ‘एचटी’ असेल तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटं दिलेलं असतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ते पॅलेट मातीच्या कामाला घेऊ नका. आणि ‘एचटी’ची खूण फक्त किडीबद्दल सांगते. त्या पॅलेटवर पुढे काय सांडलं हे ती सांगत नाही, म्हणून तेलाचे किंवा रसायनाचे डाग असले तर पॅलेट बाद.

सरळ, लांब फळ्या चिपरमध्ये घालू नयेत. खिळे उपसून, रंधून त्या फळी म्हणूनच वापराव्यात. ढलप्या करायला उरलेले तुकडे भरपूर असतात. यंत्रामागचं चुंबक लोखंड पकडतं, पितळ आणि ॲल्युमिनियम त्याच्या हाती लागत नाही, त्यामुळे बिजागऱ्या आणि कड्या हातानेच काढायच्या. छाटणीतली प्लॅस्टिकची सुतळी आणि बांधणीच्या पट्ट्याही इथेच निघाल्या पाहिजेत. एकदा त्यांचे तुकडे झाले की चाळणीतूनही पडतात. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे आणि कुजत्या ढलप्यांमधून बुरशीचे बीजाणू उडतात. नुसता रुमाल पुरत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा धूळरोधक मास्क लागतो.

आता ढीग. कर्ब आणि नत्राचं गुणोत्तर 25 ते 30 ला 1 असावं हे सगळे सांगतात. लाकडाच्या ताज्या भुशात ते 400 च्या वर, कापलेल्या गवतात 20 च्या आसपास. पण लाकडाच्या बाबतीत कागदावरचं गणित फसवतं. दोन-तीन सेंटिमीटरच्या ढलपीत जंतूंना फक्त पृष्ठभागावरचा कर्ब मिळतो, आतला कित्येक महिने बंदच राहतो. म्हणून गवताच्या एका घमेल्याला ढलप्यांची दोन ते तीन घमेली चालतात. ढलप्या हवा खेळती ठेवतात. भुसा नेमका उलटा वागतो. तो नत्र झपाट्याने ओढून घेतो आणि दाबून बसतो, त्यामुळे तो एकूण मिश्रणाच्या दशांशाहून जास्त न घेणं बरं. ओलावा 50 ते 60 टक्के हवा: मूठभर मिश्रण घट्ट पिळलं तर एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. अमोनियाचा वास आला तर ढलप्या वाढवा. सडक्या अंड्यांचा वास आला तर आत हवा नाही, लगेच उलथा.

रोगट फांद्या आणि तणाचं बी घातलं असेल तर उष्णता मोजून द्यावी लागते. उघड्या लांबट ढिगासाठी प्रस्थापित नियम असा: किमान 55 अंश, 15 दिवस, आणि त्या काळात किमान पाच वेळा उलथणं. उलथण्यावर इतका भर आहे कारण ढिगाची साल कायम थंड असते. बाहेरचा थर आत गेलाच नाही, तर त्यातलं बी जिवंत बाहेर पडतं. थर्मामीटर अर्धा मीटर आत खुपसून रोज वाचा. पारा 70 च्या पुढे गेला की कामाचे जंतूच मरू लागतात.

साठवलेल्या ढलप्यांना आपोआप आग लागते, हे अनेकांना खरं वाटत नाही. ओल्या ढलप्या, बारीक चुरा, फार उंच ढीग, आणि त्यावरून यंत्र चालवल्याने दाबलेला थर असं सगळं जमलं की आतली उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही. ढीग तीन मीटरच्या आत ठेवा, दोन ढिगांमध्ये गाडी जाईल एवढी वाट ठेवा, जुना माल आधी उचला. धूर दिसला तर ढीग घाईने फोडू नका. आत एकदम हवा शिरली की ज्वाळा उठते. पाणी आणि माणसं तयार ठेवून कडेकडेने उकरायचं.

ताज्या ढलप्यांचं आच्छादन पाच ते दहा सेंटिमीटर जाडीचं पुरे, आणि खोडापासून एक वीत मोकळी. मातीत मिसळू नका. वर पसरल्या तर नत्राची ओढाताण फक्त मातीच्या वरच्या पातळ थरापुरती राहते.

तयार खत चाळून जाड तुकडे नव्या ढिगात परत घाला, त्यांच्यासोबत जंतूंचं विरजणही जातं. मग चाचणी. क्लोपायरालिड आणि अमिनोपायरालिड ही तणनाशकं कंपोस्टच्या उष्णतेतूनही टिकतात आणि फवारलेल्या गवतातून किंवा तसं गवत खाल्लेल्या जनावराच्या शेणातून येतात. सहा कुंड्या घ्या. तीन कुंड्यांत निम्मं खत आणि निम्मी साधी माती, तीनमध्ये नुसती माती. प्रत्येकीत घेवड्याच्या तीन-चार बिया. कुंड्यांतून निथळलेलं पाणी एकमेकींत जाऊ देऊ नका. तीन आठवड्यांत खताच्या कुंड्यांतली नवी पानं वाटीसारखी वळली किंवा शेंडा पिळवटला आणि मातीच्या कुंड्यांत तसं काही झालं नाही, तर ती सगळी तुकडी टोमॅटो, शेंगवर्गीय भाज्या आणि फुलझाडांपासून दूर ठेवायची. हिरवळीवर पसरली तर गवताला त्रास होत नाही, पण त्या हिरवळीचं कापलेलं गवत पुढच्या ढिगात घालू नये.