दोष कशाबरोबर फिरतो?

खंडेनवमीला आमच्या घरी तीन ठिकाणी झेंडूची फुलं वाहतात. ह्यांच्या मोटरसायकलला, माझ्या शिलाई मशीनला आणि दुर्बिणीला. २०२५ साली १ ऑक्टोबरला पूजा झाली तेव्हा दुर्बीण स्वच्छ पुसून, ग्रीस-पाणी करून ओसरीत उभी होती. आदल्या वर्षी हे राहून गेलं होतं. पावसाळ्यात गुंडाळून ठेवलेली दुर्बीण मी तशीच डिसेंबरात माणदेशात घेऊन गेले आणि चाळीस मुलांना धड गुरू दाखवू शकले नाही. त्या रात्रीपासून फेब्रुवारीपर्यंत जे जे केलं ते इथे लिहून ठेवते. दुर्बीण बिघडली की कुठे न्यायची हा प्रश्न मला फार जणांनी विचारलाय, आणि सातारा जिल्ह्यात त्याचं उत्तर बहुतेक वेळा आपलं घर आणि ओळखीचा लेथवाला हेच असतं.

दुर्बीण सहा इंची, न्यूटनच्या रचनेची, म्हणजे नळीच्या तळाला मुख्य आरसा आणि तोंडाशी छोटा तिरपा आरसा. नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. मुख्य आरसा मी स्वतः घासलाय, पुण्यातल्या एका कार्यशाळेत, कितीतरी रविवार एसटीने जाऊन-येऊन. कार्बोरंडमच्या पुडीचा तो खरखराट आणि शेवटी ब्लेडच्या पात्याआडून बघताना आरशावर उमटलेली फूकोच्या चाचणीची सावली अजून डोळ्यांसमोर आहे. लेऑन फूकोने ही चाचणी १८५८ साली मांडली. ब्लेड, बारीक छिद्रातून येणारा प्रकाश आणि स्वतःचा डोळा एवढ्या सामानावर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाचा चढउतार दिसतो, याचं मला आजही नवल वाटतं. नळी पीव्हीसी पाइपची आहे. माउंट, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारा सांगाडा, जर्मन विषुववृत्तीय पद्धतीचा (त्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो), एका मोटरचा, जुना घेतलेला.

आता ती रात्र. दहिवडीच्या पुढचं गाव, पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख, डिसेंबर २०२४चा शेवटचा आठवडा. चंद्र नाही, आभाळ असं की आकाशगंगेसाठी डोळे ताणायला लागत नाहीत. ७ डिसेंबरला गुरूची प्रतियुती (सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणं) होऊन गेलेली, म्हणजे तो अजून मोठा आणि ठसठशीत, रोहिणीच्या शेजारी. एकशे वीस पटीला त्याचे दोन पट्टे सहज दिसायला हवेत. मुलं रांगेने येत होती, डोळा लावत होती आणि ‘बाई, पुसट दिसतंय’ म्हणून बाजूला होत होती. सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, त्याला कोपरे आहेत.’

तिने बरोबर पाहिलं होतं. मी दुर्बीण गुरूवरून रोहिणीवर नेली आणि फोकस जरा सोडला. असं केल्यावर ताऱ्याची गोल चकती व्हायला हवी, आणि आत एकात एक वर्तुळं. मला दिसला तो गोलाई घेतलेला त्रिकोण. फोकस उलट बाजूला सोडला तर त्रिकोणच, पण टोकं उलट्या दिशेला.

पूर्वी असं काही दिसलं की माझा हात आधी कोलिमेशनच्या, म्हणजे आरसे एका रेषेत आणायच्या, स्क्रूकडे जायचा. त्या रात्री मुलं जेवायला गेल्यावर मी एकाही स्क्रूला हात न लावता फक्त एकेक गोष्ट फिरवून पाहिली. आधी स्वतःची मान तिरकी केली. त्रिकोण तसाच राहिला, म्हणजे माझ्या डोळ्यातला दोष नाही. मग आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, फोकसरमध्येच गोल फिरवला. तरीही तसाच, म्हणजे आयपीस निर्दोष. मग रिंगांचे नट ढिले करून अख्खी नळी तिच्या अक्षाभोवती साधारण साठ अंश फिरवली, तारा परत धरला, आणि त्रिकोण नळीबरोबर फिरलेला दिसला. नळीतल्या गरम हवेने प्रतिमा बिघडली असती तर बिघाडाची दिशा जमिनीच्या हिशेबाने तीच राहिली असती, कारण गरम हवा नळी कशीही फिरवा, वरच जाणार. म्हणजे हवा नाही, डोळा नाही, आयपीस नाही. उरले दोन आरसे. त्यात तीन टोकं, आणि मुख्य आरशाला धरून ठेवणाऱ्या क्लिपा तीन.

लगेच आठवलं. मे महिन्यात आरसा धुऊन बसवताना, गाडीत हादरे बसतात म्हणून मी त्या क्लिपा चांगल्या आवळल्या होत्या. काच कडक असते, ती कशाला वाकेल, असं आपल्याला वाटतं. पण आरशाच्या पृष्ठभागावर प्रकाशाच्या लहरीच्या चौथ्या भागाएवढी चूकसुद्धा जास्त होते, आणि तेवढं वाकायला एका स्क्रूचा पाव फेरा पुरतो. क्लिपेचं काम आरसा दाबून धरायचं नाही, नळी उलटी झाली तर तो पडू नये एवढंच. आता मी क्लिप आणि काच यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालते, क्लिप टेकेपर्यंत स्क्रू फिरवते आणि पट्टी ओढून काढते. पट्टी अलगद निघाली पाहिजे. नळी हलवल्यावर आरसा अगदी किंचित ‘टिक’ वाजला तरी चालतो.

कोलिमेशन त्या रात्री जवळजवळ ठीकच होतं. नाभीय अंतर १२०० भागिले आरशाचा व्यास १५० मिलिमीटर म्हणजे एफ-८. अशा लांब नाभीच्या दुर्बिणीला आरशाच्या कलाची थोडी चूक चालून जाते. एफ-५ वाल्यांना इतकी सूट नसते, त्यांनी दर वेळी बघावं.

आरसा धुण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त आरसे तिथेच खराब होतात. काचेवरचा ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. धूळ त्याला काही करत नाही, कोरडं फडकं करतं. म्हणून धूळ दिसली की लगेच धुवायला घेऊ नये. मी दोन-तीन वर्षांतून एकदाच धुते. आधी अंगठी, बांगड्या काढून ठेवते, मंगळसूत्र पाठीवर टाकते. प्लास्टिकच्या टबात तळाला जुना टॉवेल, त्यावर आरसा. आधी नुसत्या पाण्याची धार सोडायची, म्हणजे खडे-रेती वाहून जाते. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि औषधाच्या दुकानातल्या कापसाचा ओला बोळा. तो बोळा काचेवर ठेवून नुसता ओढायचा, बोटाचा भार द्यायचा नाही. एकदा ओढला की फेकायचा, दुसरा घ्यायचा. शेवटचं पाणी मात्र बॅटरीत घालतात ते. आमच्या बोअरच्या पाण्याने धुऊन वाळवलं तर पांढरे डाग राहतात. मग आरसा कडेवर उभा करून, वर कापड न टाकता, पंखा बंद ठेवून वाळवायचा. राहिलेला थेंब टिश्यूच्या टोकाने नुसता टिपायचा.

पावसाळ्यातली बुरशी हा आपल्या सह्याद्रीकडच्या लोकांचा खास त्रास. जून ते सप्टेंबर साताऱ्यात कपड्यांनासुद्धा वास येतो. माझा एक आयपीस असाच गेला, आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले आणि त्याखालचा लेपही खाल्ला गेला. तेव्हापासून आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून परत निळे करायचे, पण त्यासाठी तवा वेगळा ठेवा. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या भांड्याला ते लागू नये. नळीला मी प्लास्टिक गुंडाळत नाही, आईचं जुनं सुती लुगडं गुंडाळते. प्लास्टिक ओल आत धरून ठेवतं.

आता माउंट. माणदेशात रात्री दहानंतर गार वारा सुटला आणि माउंटचा अक्ष इतका जड झाला की मोटर कण्हायला लागली. शिवाय हातातलं बटण उलट दिशेला दाबलं तर तारा काही क्षण जागचा हलायचाच नाही आणि मग एकदम उडी मारायचा. हा झाला दात्यांमधला खेळ, म्हणजे सैलपणा.

माझा एक जुना विद्यार्थी सातारच्या एमआयडीसीत लेथ चालवतो. शाळेत असताना गणिताच्या तासाला मागे बसायचा, हातातलं काम मात्र तेव्हापासून देखणं. जानेवारीत एका सुट्टीच्या दिवशी त्याने माउंट घरी नेला. मीही गेले. त्याने अक्ष उघडला, बोटावर ग्रीस घेतलं, दोन बोटांत ताणून पाहिलं.

‘बाई, ह्यात ग्रीस न्हाई, डिंक हाय.’

खरंच तसं होतं. उन्हात चालायचं, थंडीत घट्ट व्हायचं. सगळे भाग डिझेलमध्ये धुतले, ब्रशने दात्यांमधलं काढलं, वाळवून पातळ लिथियम ग्रीस लावलं. भरलं नाही, नुसता हात फिरवला. प्रत्येक भाग काढताना मी फोनवर फोटो घेतले आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवले. हे न केल्यामुळे लोकांचे माउंट पोत्यात परत येतात.

अक्षावरचं मोठं दातेरी चाक फिरतं ते मोटरला जोडलेल्या स्क्रूसारख्या दांड्याने, म्हणजे वर्मने. वर्मच्या एका फेऱ्याला चाकाचा एक दाता सरकतो. त्याने मोठ्या चाकाच्या एका दात्याला मार्करने खूण करून दाते मोजले. १४४. मी म्हटलं, दिवसाची मिनिटं १४४०. तो हसला, ‘मग वर्म दहा मिनिटाला एक फेरा मारतोय.’ तारे २३ तास ५६ मिनिटांत फेरी पुरी करतात, म्हणून दहा मिनिटांना दोनेक सेकंद कमी. पण हिशेब त्याने पाना हातात धरून, मी सांगायच्या आत केला, याचा मला फार आनंद झाला.

खेळ काढताना एक गोष्ट त्याच्याकडून शिकले. मी एका जागी वर्म चाकाला भिडवला असता आणि झालं म्हटलं असतं. त्याने डायल गेज (बारीक चढउतार मोजायचं काट्याचं मापक) लावून चाक पूर्ण फिरवलं. चाक अगदी गोल नव्हतं, एका बाजूला ०.०४ मिलिमीटर उंच. सैल जागी वर्म घट्ट भिडवला असता तर उंच जागी तो अडकला असता. म्हणून आधी सगळ्यात घट्ट जागा शोधायची, तिथे अक्ष हाताने मोकळा फिरेल इतपत वर्म सरकवायचा, आणि बाकी ठिकाणी राहील तो थोडा खेळ राहू द्यायचा. त्यावर उपाय तोलाचा. पूर्वेकडची बाजू वजनाने किंचित भारी ठेवली की दाते सतत एकाच अंगाला टेकून राहतात, मग मोटर चालू असताना तो खेळ जाणवत नाही.

अजून एक अडचण आपल्याच अक्षांशाची. सातारा साडेसतरा अंशांच्या थोडं वर. ध्रुवतारा तेवढाच उंच, म्हणजे माउंटचा अक्ष जवळजवळ आडवा, आणि दुर्बिणीचा तोल साधणाऱ्या वजनाचा दांडा खाली येताना ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला थडकतो. विद्यार्थ्याने आठ इंच लांबीचा पाइप दोन्ही तोंडांना खाच पाडून माउंटखाली बसवून दिला. आता दांडा सुटा फिरतो.

तेवढ्या खाली असल्यामुळे ध्रुवतारा आमच्या गच्चीवरून दिसतच नाही, मध्ये शेजारच्यांची पाण्याची टाकी आहे. मग अक्ष ध्रुवाकडे नेमका रोखायला मी मृगातल्या बाणाचा पश्चिमेकडचा तारा वापरते. तो खगोलीय विषुववृत्ताला अगदी लागून आहे, आणि हिवाळ्यात एकाच रात्री अक्षाची उंची आणि दिशा अशा दोन्ही कामांना उपयोगी पडतो. संध्याकाळी तो पूर्वेला असताना, मोटर चालू ठेवून, छेदाच्या, म्हणजे आत बारीक धाग्यांची फुली असलेल्या, आयपीसमध्ये बघत बसायचं. तारा दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उचलायचा. उत्तरेकडे सरकला तर खाली घ्यायचा. तोच तारा मध्यरात्रीच्या सुमारास डोक्याजवळ मध्यमंडलावर (आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर) आला की परत बघायचं. दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला झुकलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. आयपीसमध्ये दक्षिण कुठली हे ओळखायला नळीचं तोंड हलकेच ध्रुवाच्या दिशेला दाबायचं. तारा ज्या बाजूला जातो ती दक्षिण.

फेब्रुवारीत माउंट गच्चीवर लावला आणि विद्यार्थ्याला बोलावलं. नवरा-बायको दोघं आली, लहान मुलगी झोपलेली खांद्यावर. पुनर्वसूतला कॅस्टर लावला. एकशे वीस पटीला तो दोन वेगळे तारे म्हणून उभा होता, दोन्ही गोल, मध्ये स्वच्छ काळी फट. त्याची बायको बराच वेळ बघत राहिली. मग तो बसला. छेदाच्या आयपीसमध्ये तारा मधोमध धरून दिला आणि म्हटलं, बघ किती वेळ थांबतो.

त्याने फोनवर घड्याळ लावलं. तारा छेदावरून सावकाश एका अंगाला सरकला, थांबला, परत आला, दुसऱ्या अंगाला गेला आणि परत मध्ये. त्याने अशा तीन फेऱ्या बघितल्या, अर्ध्या तासात. मला वाटलं, चाक उंच आहे त्याबद्दल काही म्हणेल.

‘बाई, ह्यो चाकाचा दोष न्हाई. चाकाचा असता तर दिवसाला एकदा आला असता. दर धा मिनिटाला येतोय, म्हंजी वर्मबरूबर फिरतोय.’ त्याने आयपीसवरून डोळा काढला. ‘सोमवारी वर्म काढून द्या. घासून, लॅप करून आणतो.’