तो नशा मागत नव्हता

आमच्या सेंटरला रोज डोसला येणारा एक पेशंट आहे, पस्तिशीचा असेल, वाशीच्या भाजी मार्केटला हमाली करतो. आधी अनेक वर्षं गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, मग सुई, मग आमच्याकडे. मी ओएसटी सेंटरला, म्हणजे नशेच्या जागी औषधाचा रोजचा डोस देणाऱ्या केंद्रात, नर्स आहे. नॅकोचा, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेचा कार्यक्रम आहे हा, सुईतून पसरणारा एचआयव्ही थांबावा म्हणून सुरू झालेला. सुई मारणाऱ्या माणसाला रोज बुप्रेनॉर्फिनची गोळी कुटून जिभेखाली द्यायची, ती विरघळेपर्यंत समोर बसवायचं, तोंड उघडायला लावून बघायचं आणि मग सोडायचं. गोळीने तो झिंगत नाही, पण टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा त्रास, येत नाही त्यामुळे पुडीच्या मागे धावत नाही आणि कामाला जाऊ शकतो. हा कामाला जातच होता.

त्या दिवशी सकाळी त्याच्या बहिणीचा फोन आला. पहाटे मार्केटात टेम्पो रिव्हर्स घेताना याच्या पायावर आला, नडगीचं हाड मोडलं, हमालांनीच उचलून सरकारी हॉस्पिटलला नेलं. ती म्हणाली सिस्टर तो खूप ओरडतोय आणि इथले लोक म्हणतात नशेसाठी नाटक करतोय, तुम्ही या ना. आमच्या डॉक्टरांना विचारून, त्यांची चिठ्ठी आणि त्याचा त्या दिवशीचा डोस घेऊन मी निघाले.

वॉर्डात पोचले तर केस पेपरवर मोठ्या अक्षरात ड्रग अ‍ॅडिक्ट लिहून खाली लाल रेघ मारलेली. त्याने स्वतःच सांगितलं होतं कॅज्युल्टीला, की मी ओएसटीवर आहे, कारण आम्हीच शिकवतो त्यांना की लपवू नका, डॉक्टरांना सगळं सांगा. शेजारच्या कॉटवर दारू पिऊन बाईकवरून पडलेला एक जण होता, तोंडाला अजून वास येत होता. त्याला दुखण्याचं इंजेक्शन वेळेवर मिळालं होतं, नातेवाइकांनी नारळपाणी आणलं होतं, वॉर्डबॉय त्याला "काका" म्हणत होता. आणि हा, जो कामावर असताना, शुद्धीत असताना जखमी झाला, त्याला रात्रपाळीने दुखण्यावरचं एक ट्रामाडोल देऊन नंतर काहीच दिलं नव्हतं. "याला कितीही द्या, हा मागतच राहणार," असं मला सरळ तोंडावर सांगण्यात आलं.

आता यात औषधाचा भाग समजून घ्या कारण तो महत्त्वाचा आहे. बुप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ज्या जागांवर बसतं त्याच जागांवर ट्रामाडोल, मॉर्फिन वगैरे काम करतात, आणि बुप्रेनॉर्फिन ती जागा सहज सोडत नाही. म्हणजे अशा माणसाला नेहमीच्या डोसने दुखणं कमी होत नाही, त्याला जास्तीची, वेगळ्या प्रकारची औषधं लागतात. तो पुन्हा मागतो ते खरंच दुखतंय म्हणून. आणि तो मागतो म्हणूनच लोक म्हणतात बघा, गर्दुल्ला तो गर्दुल्लाच.

पण त्या दिवशी प्रकरण त्याहून वाईट होतं आणि ते पहिल्यांदा ओळखलं त्याच्या बहिणीने. मी कॉटजवळ गेले तशी ती म्हणाली, "सिस्टर, मी टर्की बघितलीय घरात. टर्कीत तो नाकाडोळ्यातनं पाणी गाळत, जांभया देत, अंगावर काटा घेऊन गोधडीत पडतो, सगळं अंग दुखतं म्हणतो. हा तसा नाहीये. हा एकच पाय धरून बसलाय आणि आता म्हणतो बोटं बधिर झाली."

मी आधी ऑर्थोच्या वॉर्डात काम केलंय. पोटरीला हात लावला तर लाकडासारखी कडक. पायाचा अंगठा अगदी हलकेच वर ताणला आणि तो जो किंचाळला तो आवाज मला अजून ऐकू येतो. नडगी मोडली की आत सूज येते, स्नायूंभोवती चिवट आवरण असतं ते फारसं ताणत नाही, त्यात वरून घट्ट बँडेज, मग आतला दाब इतका वाढतो की स्नायूंना रक्तच पोचत नाही. कंपार्टमेंट सिंड्रोम. काही तासांत स्नायू मरायला लागतात, पाय कापायची वेळ येऊ शकते. आणि नाडी बऱ्याचदा लागते, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं. याची सगळ्यात पहिली खूण म्हणजे मोडलेल्या हाडाच्या मानानेही जास्त, औषधाला न जुमानणारं दुखणं. दुसरा कुणी असा ओरडला असता तर कुणीतरी पट्टी सोडून बघितलं असतं.

रेसिडेंट डॉक्टर आदल्या दिवसापासून ड्युटीवर होता, डोळे लाल झालेले. मुलगा वाईट नव्हता हे मी मुद्दाम लिहितेय. तो म्हणाला, "सिस्टर, तुमचाच पेशंट ना, सकाळपासून इंजेक्शन मागून डोकं खाल्लंय."

मी म्हटलं, "सर, ही टर्की नाही. काल सकाळी माझ्यासमोर डोस घेतलाय, त्याचे चोवीस तास जेमतेम भरतायत. नाक वाहत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या नाहीत. तुम्ही फक्त पोटरीला हात लावा."

त्याने हात लावला आणि त्याचा चेहरा बदलला. स्वतःच्या हाताने बँडेज कापलं, प्लॅस्टरचा स्लॅब मोकळा केला, पाय उशीवरून खाली घेतला, सीनियरना फोन. मग जी धावपळ झाली ती बघण्यासारखी होती, ज्या वॉर्डबॉयने सकाळी त्याला शिवी घातली होती तोच स्ट्रेचर पळवत होता. फॅशिओटॉमी केली, म्हणजे पोटरीला दोन्ही बाजूंनी लांब चिरा देऊन ते आवरण मोकळं करायचं.

ओटीच्या बाहेर बहीण आणि मी बसलो होतो. चहा आणला तर तिने घेतला नाही, नुसती बोलत राहिली. त्याने तिचं मंगळसूत्र विकलं होतं. भाच्याच्या शाळेची फी उडवली होती. आई गेली तेव्हा हा कुठल्यातरी पुलाखाली पडलेला होता, शोधायला माणसं पाठवली, मिळाला नाही, अग्नी या बहिणीच्या नवऱ्याने दिला. "मला त्याची कीव येत नाही हो सिस्टर," ती म्हणाली, "मेला असता तर सुटलो असतो असं पण वाटलंय मला."

आमच्या कामात अशा वेळी घरच्यांना सांगायची पद्धत आहे की व्यसन हा आजार आहे, राग सोडा. आजार आहे हे मी मानते, रोज बघते, पण मंगळसूत्र पण खरं आहे आणि ती आई पण खरी आहे, त्यामुळे मी तिला काही सांगितलं नाही. तिचा राग तिच्या हक्काचा होता. आणि एवढा राग असलेल्या बाईनेच त्या सकाळी त्याच्याकडे नीट बघितलं होतं. वॉर्डातल्या लोकांचं त्याने काय घेतलं होतं? एक पैसा नाही. तरी त्यांचा निकाल आधी लागला होता, तपासणी नंतर.

आपल्याकडे गर्द घेणं गुन्हा आहे, 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 27 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कायद्यात कलम 64अ आहे, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारं. म्हणजे एवढ्या कडक कायद्यानेसुद्धा दवाखान्याचं दार उघडं ठेवलंय आणि आपण ते कॅज्युल्टीत लावून घेतो. 2019 च्या सरकारी सर्वेक्षणात अफूच्या जातीची नशा करणारे देशात 2.26 कोटी निघाले, त्यातल्या 77 लाखांना मदतीची गरज. ते येत का नाहीत विचारता? सुईच्या जागी गळू होऊन हात सडायला लागला तरी माझे पेशंट हॉस्पिटलला जायला तयार नसतात, कारण तिथे काय ऐकून घ्यावं लागतं ते त्यांना पाठ आहे.

पाय वाचला. नंतर स्किन ग्राफ्ट लागलं, बरेच दिवस लागले, अजून थोडा लंगडतो. आमच्या डॉक्टरांनी ऑर्थोच्या सीनियरशी बोलून बुप्रेनॉर्फिन बंद होऊ दिलं नाही, उलट तोच डोस दिवसातून तीनदा विभागून दिला. टर्की चोवीस तास लांब राहते पण दुखण्यावरचा असर सहा-आठ तासच टिकतो म्हणून. सोबत साधी वेदनाशामकं. त्यानंतर त्याने ओरडून इंजेक्शन मागितलं नाही, वॉर्डच्या सिस्टरनीच मला सांगितलं. बहीण डबा घेऊन यायची, पायथ्याशी ठेवायची, त्याच्याशी बोलायची नाही. घरात घेणार नाही असं तिने स्पष्ट सांगितलंय आणि मी तिला आग्रह केलेला नाही.

आता आम्ही प्रत्येक पेशंटला एक पत्र देतो, डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं. किती डोस चालू आहे, तो अचानक बंद करू नका, दुखत असेल तर इतर कुणालाही तपासाल तसं तपासा, वेदनाशामक अडवू नका, शंका आली तर या नंबरवर फोन करा, शेवटचा डोस कधी झाला ते आम्ही सांगू. पहिलं पत्र त्यालाच दिलं. त्याने वाचून घेतलं आणि म्हणाला लॅमिनेट करून द्या सिस्टर, मार्केटला भाज्यांवर पाणी मारतात, दोन दिवसात लगदा होईल. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचीच लॅमिनेट करून द्यायला सुरुवात केली.