ऊन पाह्याले एवढ्या दूर?

रविवार, रात्री साडेनऊ

आम्ही अंदमानहून परतलो म्हणून आज दिवसभरात चार बाया येऊन गेल्या. कोणी दळणाला निघालेली, कोणी वावरातून परतलेली. सगळ्यांचं एकच, "काय काय पाह्यलं वं तठी?" मोबाईलमधले फोटो दाखवले. तिघी "बापा, बापा" करून गेल्या. चौथी निळ्या पाण्याकडे बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "एवढं पानी, अन् ओलिताच्या कामाचं नाई?" मला त्यावर उत्तर सुचलं नाही. विसरायच्या आत लिहून ठेवते.

ह्यांची पोस्टातली नोकरी. सरकारी प्रवास सवलतीत अंदमानला विमानाने जाता येतं, हे त्यांनी मला लग्नानंतर नवव्या वर्षी सांगितलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्या नाहीत, गाय आज-उद्यावर आली होती. मामाजी, म्हणजे सासरे, मात्र कापसाच्या पैशातून स्वतःचं तिकीट काढून तयार झाले, आणि वरून टोमणाही मारला, "ऊन पाह्याले एवढ्या दूर कायले जाता? चैतात वावरात या, फुकट दाखवतो." कारण ह्यांच्या मोबाईलवर आलेल्या जाहिरातीत 'सोनेरी ऊन' असं दोन ठिकाणी लिहिलं होतं. आमच्याकडे उन्हाला कोणी सोनेरी म्हणत नाही.

नागपूरहून चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे दोन-सव्वादोन तास विमान. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ साली श्रीविजयपुरम झालं, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे जुन्याच नावाने बोलतात. पहिल्याच दिवशी फसलो. दुपारी जेवून जरा आडवे झालो, चारनंतर सावकाश चहा घेतला आणि समुद्र पाहायला बाहेर पडलो तर सूर्य बुडालेला! घड्याळात साडेपाच. आपल्याकडे फेब्रुवारीत दिवस सव्वासहाला मावळतो. मुलाने रिक्षातच भूगोल शिकवला: साऱ्या देशाचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं, अंदमान त्याच्या पूर्वेला दहा अंश, आपण पश्चिमेला चार-साडेचार अंश, आणि एका अंशाला चार मिनिटं. मामाजींनी हिशेब ऐकून घेतला. दुसऱ्या दिवशी सवयीने पाचला उठले, पाऊण तासात सूर्य वर. त्यांना हे फार पटलं. "मानसाच्या कामाचं घड्याळ हे," म्हणाले. तेव्हा कोणी जाणार असाल तर किनाऱ्यावर तीन-साडेतीनलाच पोचा. दुपारची झोप तिथे परवडत नाही.

सेल्युलर जेलबद्दल काय लिहू? १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधकाम चाललं. मधल्या मनोऱ्याभोवती सात इमारती होत्या, आता तीन उरल्यात. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर कैदी दिसायचाच नाही. कोठडीची कडी दारापासून लांब, भिंतीतल्या खोबणीत. मुलाने गजांतून हात घालून पाहिला, बोटंसुद्धा पोचली नाहीत. तिसऱ्या मजल्यावर सावरकरांची कोठडी, तिथे रांग होती. १९११ साली त्यांना इथे आणलं. थोरले भाऊ बाबाराव हेही याच तुरुंगात होते.

मामाजी त्या रांगेत आले नाहीत. ते खाली अंगणातल्या छपरीत कोलूपाशी उभे होते. कोलू म्हणजे तेलाचा घाणा. माणूस जुंपलेला. दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर, आणि कमी भरलं की मार. मामाजींच्या लहानपणी आमच्या गावात घाणा होता, त्यामुळे त्यांना कुठली पाटी वाचायची गरज पडली नाही. त्यांनी आडव्या दांड्याची उंची स्वतःच्या छातीशी लावून पाहिली. मग दुपट्टा काढून तोंड पुसलं. बराच वेळाने एवढंच म्हणाले, "बैलाले तरी दुपारी जू काढून पानी पाजते मानूस." संध्याकाळचा प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम आम्ही पाहिला, चांगला होता. पण माझ्या लक्षात तो दांडा राहिला.

जेलसमोरच, बोटीने दहा-पंधरा मिनिटांवर रॉस बेट. २०१८ पासून त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. इंग्रजांची राजधानी तिथे होती. आता चर्च, बेकरी, साहेबाचा बंगला सगळं वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी गिळलंय. विटा दिसतात त्या मुळ्यांच्या जाळीतून. आणि चितळं! माणसाच्या हातातून खातात. लोक बिस्किटं चारत होते, फोटो काढत होते, माझा मुलगाही त्यात. मामाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आमच्या हरभऱ्यात रोही आणि हरणं शिरतात म्हणून थंडीतल्या रात्री मचाणावर काढलेला माणूस तो. "याईले बिस्कुट चारता?" असं एका पुणेरी दिसणाऱ्या बाईंना विचारलंही. त्यांना वाटलं आजोबा कौतुकाने म्हणाले. पण आमच्या मामाजींचं फार चुकलं नव्हतं. ही चितळं तिथली नव्हेतच, इंग्रजांनी आणून सोडलेली. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही, त्यामुळे वाढत गेली आणि आता जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात. हे ऐकल्यावर मामाजी दिवसभर खुशीत होते.

हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, बोटीने दोन-अडीच तास. मला बोट लागली. पदरात ओवा होता म्हणून निभावलं. राधानगर किनाऱ्याला २००४ साली 'टाइम' मासिकाने आशियातला सर्वांत चांगला किनारा म्हटलं होतं, हे ड्रायव्हरने आम्हाला तीनदा सांगितलं. आहेच तसा. वाळू इतकी बारीक की मामाजींनी चिमटीत धरून "रवा" म्हटलं. जंगल थेट पाण्यापर्यंत येतं, झाडं सरळसोट, उंच. ड्रायव्हर म्हणाला, हा समुद्री महुआ. मोहाचं नाव काढल्यावर मामाजी सूर्यास्त सोडून झाडाकडे वळले. खाली पडलेलं पान उचललं, मोडलं, वास घेतला. "हा काई मोह नाई. पान चिकूवानी आहे." मी हसले. परवा घरी आल्यावर शोधून पाहिलं तर ते झाड खरोखर चिकूच्याच प्रजातीतलं निघालं. मोहही त्याच कुळातला. म्हणजे चिकू सख्खा, मोह चुलत. त्या धांदलीत सूर्य मात्र बुडून गेला, आमच्याकडे त्याचा एकही धड फोटो नाही.

एलिफंट बीचला तोंडाला नळी लावून पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खालचं पाहायचं. मी गेले, दोन्ही हातांनी शिकवणाऱ्या पोराचा दंड धरून. पोपटासारख्या चोचीचे मासे प्रवाळ कुरतडत होते आणि त्याचा कुर्रकुर्र आवाज पाण्यात चक्क ऐकू येतो. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. प्रवाळ मात्र फोटोत असतं तसं रंगीबेरंगी नव्हतं, बरंचसं राखाडी. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापलं की प्रवाळ आतली शेवाळं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. २०१० साली तिथे असं फार झालं होतं. उन्हाने पाण्यातलंही करपतं, हे मला नवीन.

हे पाऊण तास पालथे तरंगत राहिले. मे महिन्यात ४५ डिग्रीत सायकलवर डाक वाटलेला माणूस, तिथल्या ३० डिग्रीत पाठ भाजून बसला. रात्रभर पोटावर झोपले. मामाजी म्हणाले, "पानी थंड लागते म्हनून ऊन नाई म्हनते का कोनी?"

नील बेटावर, शहीद द्वीप म्हणतात आता, मामाजी हरवले. आम्ही काचेच्या तळाच्या बोटीची रांग धरली आणि मागे पाहतो तर हे नाहीत. तासाभराने सापडले, एका वांग्याच्या वावराच्या धुऱ्यावर उकिडवे बसलेले. शेजारी तिथला बंगाली शेतकरी. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांना सरकारने या बेटांवर जमिनी दिल्या, त्यातलाच. एकाची वऱ्हाडी हिंदी, दुसऱ्याची बंगाली हिंदी, आणि गप्पा वांग्याच्या अळीवर. तिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्या तिप्पट. तरी जानेवारीपासून पावसाची वाट पाहतात, म्हणे. आणि भाजी बोटीने पोर्ट ब्लेअरला जाते, बोट रद्द झाली की माल सडला. मामाजींनी भाव विचारला, तोही सांगितला गेला, आणि दोघांनी मिळून व्यापाऱ्याला शिव्या दिल्या. त्याच माणसाने सांगितलं की दगडी कमान पाहायची तर ओहोटीलाच जा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप मागे जातं. मामाजींनी बोटांवर तिथी मोजली आणि आम्हाला सकाळी बरोबर वेळेवर नेलं. खडकांच्या खळग्यांत पाणी अडकलेलं, त्यात निळे मासे आणि काळ्या समुद्रकाकड्या. तिथेच मुलाने खिसाभर शंख गोळा केले. शंख-प्रवाळ परवानगीशिवाय बेटाबाहेर नेता येत नाही, विमानतळावर बॅगा तपासतात. हे माहीत असूनही मी तेव्हा बोलले नाही, रडला असता. शेवटच्या दिवशी परत वाळूत टाकायला लावले. तिथे रडलाच.

बाराटांगला गेलो नाही. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहण्यासारखा म्हणतात. पण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून, गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. आमच्यासोबत बोटीत आलेली काही मंडळी 'ते दिसतील का' एवढंच विचारत होती. ते ऐकून माझं मन उडालं.

जेवणाचं फार लिहीत नाही. मामाजी माळकरी, ठेचा आणि चिवडा घरून नेला होता. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. एका तमिळ खाणावळीत त्यांनी भातावर "थोडा सांबार टाका" म्हणून कोथिंबीर मागितली आणि अख्खी वाटी ओतून घेतली. खाल्लं मात्र निमूट.

बुधवार

गाय आम्ही बोटीत असतानाच व्याली. गोऱ्हा आहे. आत्याबाईंनी त्याचं नाव अंदमान ठेवलंय, आणि गल्लीत सगळे तसंच हाक मारतात.

तिथे किनाऱ्यावर मामाजी नारळपाणी घेऊन खुर्चीत बसलेले मला आठवतात. पाय लांब केलेले, ऊन अंगावर. मी त्यांना लग्न झाल्यापासून उन्हात नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं.

आज हरभऱ्याला पाणी होतं, लाईट दुपारची आली म्हणून बरं. परतले, हातपाय धुतले, ओसरीवर बसले. मी चहा दिला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "साडेपाच झाले पोरी. तठी बुडाला असंन आता."

आमच्याकडे तो अजून तुरीच्या गंजीवर दोन हात होता.