‘फँटम ऑफ चायनाटाउन’मध्ये एवढं काय आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जुन्या रहस्यपटांचा विषय निघाला की मी ‘फँटम ऑफ चायनाटाउन’चं नाव घेतो. ऐकणारे तो बघतात आणि दोन-चार दिवसांत विचारतातच, “त्यात एवढं काय आहे हो?”

बघितलेल्यांची मतं मला आता पाठ झाली आहेत. खुनी कोण याचा अंदाज फार लवकर येतो. मधला भाग रेंगाळतो. त्याच त्या चार खोल्या, आणि कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसलेला. हा डिटेक्टिव्ह वाँगच्या मालिकेतला सिनेमा. आधीचे सिनेमे, ज्यांत बोरिस कारलॉफ वाँग झाला होता, ते पाहिलेले लोक वेगळंच विचारतात, “कारलॉफ कुठे गेला?” यातली एकही तक्रार खोटी नाही. निव्वळ रहस्य म्हणून बघायला गेलं तर सिनेमा बेताचाच आहे, हे मी आधीच कबूल करतो.

१९४०चा हा सिनेमा मोनोग्राम कंपनीचा. हॉलिवूडमधल्या अशा छोट्या कंपन्यांच्या टापूला ‘पॉव्हर्टी रो’ म्हणत, म्हणजे गरिबांची आळीच. त्या काळी एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायचे, आणि त्यातल्या दुसऱ्या, दुय्यम सिनेमाला थिएटरकडून सहसा ठरावीक भाडं मिळायचं. सिनेमा कितीही चालला तरी कमाई तेवढीच. मग खर्च आधीच हात आखडून करायचा, शूटिंग झटपट उरकायचं आणि तासाभरात गोष्ट संपवायची. सेटवर पैसा का दिसत नाही, याचं उत्तर या हिशेबात आहे.

पण त्याच काटकसरीतून सुरुवातीचा प्रसंग कसा उभा केलाय बघा. डॉ. बेंटन नावाचे संशोधक मंगोलियातल्या मोहिमेबद्दल व्याख्यान देताहेत. त्यांना मिंग सम्राटाची कबर सापडली आहे. वाळवंट, वादळ, कबर हे सगळं आपल्याला दिसतं ते व्याख्यानाच्या पडद्यावर. त्यासाठी कुणाला मंगोलियाला जावं लागलेलं नाही. अंधारात बसलेल्या श्रोत्यांबरोबर आपणही ते बघत असतो. बोलता बोलता बेंटन पाण्याचा घोट घेतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोसळतात. पाण्यात विष. एक सभागृह आणि एक पेला, एवढ्यावर खून उभा राहतो. (बेंटन झालेला चार्ल्स मिडलटन म्हणजे ‘फ्लॅश गॉर्डन’ या अंतराळातल्या साहसपटांमधला दुष्ट सम्राट मिंग. त्यालाच मिंगची कबर सापडावी, याची मला दर वेळी गंमत वाटते.)

मी सिनेमा परत परत बघतो तो मात्र जिमी वाँगसाठी. डिटेक्टिव्ह वाँगची ही सहावी आणि शेवटची गोष्ट. आधीच्या पाचांत वाँग झाला होता कारलॉफ, जन्माने इंग्रज, मेकअप करून चिनी बनलेला. तेव्हाची रीतच ती होती. चार्ली चॅन या सिनेमातल्या चिनी डिटेक्टिव्हच्या भूमिकेसाठी गाजलेला वॉर्नर ओलंड स्वीडनमध्ये जन्मलेला, आणि मिस्टर मोटो हा जपानी डिटेक्टिव्ह झालेला पीटर लॉरे ऑस्ट्रिया-हंगेरीतला. या सहाव्या सिनेमात वाँगचं काम करतो तो ‘की ल्यूक’ नावाचा नट. ग्वांगजौमध्ये जन्मलेला आणि सिअ‍ॅटलमध्ये वाढलेला. त्याआधी त्याने चार्ली चॅनच्या थोरल्या मुलाचं काम केलं होतं. ओलंडच्या मागे मागे धावणारा, उतावळा, चुका करणारा पोरगा.

इथे तोच माणूस प्रश्न विचारतो आणि इतरांना उत्तरं द्यावी लागतात. साधा सूट आणि सरळ, स्वच्छ अमेरिकन इंग्रजी. उगाच मोडकंतोडकं बोलणं नाही, चिनी म्हणी ऐकवणं नाही. पोलीस कॅप्टन स्ट्रीट आवाज चढवतो तेव्हाही जिमी आपला सूर बदलत नाही. एके ठिकाणी कबर उकरण्याचा विषय निघतो, तेव्हा तो म्हणतो की एक चिनी मोहीम जॉर्ज वॉशिंग्टनचा मृतदेह उकरून काढते आहे. ते वाक्य तो किती सहज टाकतो हे बघा. क्षणभर समोरच्याला काही सुचत नाही. ज्याच्या पूर्वजांची थडगी खणली जातात त्याला काय वाटत असेल, हे त्या एका ओळीत येऊन जातं. तेही त्या वर्षी, जेव्हा अमेरिकेत चिनी मजुरांना बंदी घालणारा १८८२चा कायदा अजून लागू होता. तो १९४३ साली रद्द झाला.

म्हणून “कारलॉफ नाही, मग मजा नाही” असं कुणी म्हटलं की मी वाद घालतो. कारलॉफ मोठा नट होता, त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण त्याचा वाँग बघताना माझं लक्ष सारखं त्या मेकअपकडे जातं. ल्यूककडे बघताना मी फक्त डिटेक्टिव्हकडे बघतो. ल्यूकला घेऊन ही मालिका पुढे चालली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. ‘कुंग फू’ या टीव्ही मालिकेतले अंध गुरू पो म्हणून त्याला जगाने ओळखलं ते १९७०च्या दशकात. तोवर तीस वर्षं उलटून गेली होती.

तुम्ही बघणार असाल तर आधी कारलॉफचा ‘मिस्टर वाँग, डिटेक्टिव्ह’ बघा, १९३८चा. मग दुसऱ्या दिवशी हा. खुनी लवकर ओळखलात तर ओळखलात, तिकडे फार लक्ष देऊ नका. जिमी खोलीत येतो तेव्हा बाकीचे त्याच्याकडे कसे बघतात, आणि तो जाताना कसे बघतात, तेवढं बघा आणि मला सांगा.