वळिवड्याच्या बराकी

गेल्या आठवड्यात चुलतबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेलो होतो. साड्या उलगडता उलगडता दुकानातले सिंधी काका सहज बोलून गेले, "आमचे वडील सिंधमधून आले ना, तेव्हा लहान होते, पहिल्यांदा राहिले ते पोलंडवाल्यांच्या बराकीत." झालं, माझं साड्यांवरचं लक्षच उडालं.

कोल्हापुरात राहून पण ही गोष्ट कितीजणांना नीट माहीत नसते. १९३९ ला पोलंडवर एका बाजूनं हिटलर आणि दुसऱ्या बाजूनं रशिया चालून आला, पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना रशियानं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानकडं नेलं, त्यातले जे जगले वाचले ते इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यातलेच सुमारे ५००० जण, बहुतेक बायका आणि पोरं, १९४३ पासून आपल्या वळिवड्याला, म्हणजे आजच्या गांधीनगरच्या जागी, कॅम्पात राहिले. थेट १९४८ पर्यंत! पंचगंगेच्या काठाजवळ त्यांचं अख्खं गाव वसलं, चर्च होतं, पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, नाटकं व्हायची.

एक खरं सांगायलाच हवं, कॅम्पचा खर्च मुख्यतः लंडनमधलं त्यांचं निर्वासित सरकार करायचं, त्यामुळं "आम्ही त्यांना पोसलं" असली फुशारकी मला पटत नाही. कोल्हापूर संस्थानानं जागा दिली आणि त्यांना त्यांच्या पद्धतीनं जगू दिलं. मला तर हेच जास्त मोठं वाटतं. आपला देश स्वतः पारतंत्र्यात, वर महायुद्धाची महागाई, आणि अशात भाषा वेगळी, देव वेगळा, जेवण वेगळं असलेली ५००० माणसं शेजारी येऊन राहतात. त्यांच्या श्रद्धा आपल्याला पटल्याच पाहिजेत असं कुठंय? त्यांना त्यांची प्रार्थना करू द्यायची, आपण आपली करायची, एवढं जमलं तरी दोन देशांचं नातं ८० वर्षं टिकतं. इथं कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे आणि तिकडं वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान पोलंडला गेले तेव्हा तिथं पण जाऊन आले.

मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं. युद्ध संपलं पण सीमाच सरकल्या, त्यातल्या कितीतरी जणांची गावं रशियाच्या ताब्यात गेली, मग कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुठं कुठं पांगले. आणि त्याच रिकाम्या बराकींत फाळणीनं घर गेलेले सिंधी येऊन राहिले. एकाच छपराखाली आधी ते, मग हे.

बस्ता झाल्यावर काकांना म्हटलं, ती जागा दाखवाल का? त्यांनी गल्ला पोराकडं सोपवला, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाले, "चल, वडील मला जिथं घेऊन जायचे तिथंच नेतो तुला."