चवथीला घरी असेन ना?

गोव्यातल्या पेडण्याहून आलेले आजोबा. 3 आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम दाखवायलाच हवी. यांना 3 महिने झाले होते. काजूचा हंगाम होता ना, यायला सवड कुठली! तंबाखू कधीपासून? "वडलांच्या चंचीतून घ्यायचो, तेव्हापासून." तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं.

बायोप्सीचा रिपोर्ट आला. मुलगा दाराशीच कुजबुजला, "डॉक्टर, बाबांना सांगू नका." त्याची माया कळते, पण रिपोर्ट बाबांचा आहे. फोन बंद केला, खुर्ची जवळ ओढली आणि आधी त्यांनाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"कॅन्सर."

मी हो म्हटलं आणि गप्प बसले. बराच वेळ. मग त्यांनी विचारलं, "चवथीला घरी असेन ना? माटोळी मीच बांधतो." माटोळी म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती फळाफुलांची चौकट.

ऑपरेशन, मग साधारण 6 आठवडे रेडिएशन... आम्ही तिघांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडे मोजले.